तुरटीतला चेहरा

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस पुणे शहरात दुसरा झाला नाही, आणि हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, त्यांच्या तोंडावरही अनेकदा बोललो आहे. त्यावर ते कधी रागावले नाहीत. "भितो म्हणून तर अजून आहे," असं म्हणून ते खुर्ची पंख्याखालून बाजूला घेत. पंखा आजवर कुणाच्या डोक्यात पडल्याचं मी ऐकलेलं नाही, पण साडूंच्या मते अजून पडला नाही याचा अर्थ आता पडायचा आहे. फोन वाजला की ते आधी खुर्चीत बसत आणि मग रिसीव्हर उचलत. बातमी ऐकून कोसळायची वेळ आलीच तर कमी उंचीवरून कोसळू, हा हिशेब. कुणी आंब्यांची पेटी पाठवली की त्यांना पाठवणाऱ्याची काळजी लागे. "एकाएकी आठवण कशी झाली? तब्येत बरी आहे ना त्यांची?" ठणठणीत माणूस दिसला की ते माझ्या कानाशी येऊन म्हणत, "याने अजून तपासून घेतलेलं दिसत नाही." मी रसायनशास्त्राचा मास्तर, असल्या गोष्टींना हसणं हा माझ्या नोकरीचाच भाग. पण खरं सांगतो, साडू तासभर बसून गेले की मी गुपचूप उठून गॅसचा कॉक बंद आहे ना ते पाहून यायचो. भीती ही सर्दीसारखी असते, शेजारी बसलं की होते.

आता गंमत अशी की या माणसाची सगळी नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली. तपासनीस होते. आपल्याला दिवाळीत लवंगीची वात पेटवताना हात लांब धरावा लागतो, आणि हे दिवसभर फ्यूज हातात घेऊन उलटेपालटे करून बघत. काडेपेटी फाटकाबाहेर ठेवायची, खिळे नसलेले बूट घालायचे, पितळी हत्यारं वापरायची आणि शांतपणे काम करायचं. तिथे त्यांना कधी भीती वाटली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिथे भिण्यासारखं आहे काय? प्रत्येक पेटीवर लिहिलेलं असतं, आत काय आहे, कशाने फुटेल, किती लांब उभं राहायचं. माणसांवर काही लिहिलेलं असतं का?" मग थोडा वेळ माझ्याकडे बघून, "तुमच्यावर तरी कुठे काय लिहिलंय," असं म्हणाले. मला त्या वेळी उगाचच कॉलर सारखी करावीशी वाटली.

साडूंच्या सगळ्या भीतींचा मूळ झरा म्हणजे दृष्ट. जगात जे जे वाईट होतं ते कुणाच्या तरी नजरेने होतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायची पद्धत त्यांना मान्य होती, पण अपुरी वाटे. "दृष्ट होती एवढं कळतं. कुणाची होती ते कळत नाही. म्हणजे तपासणी अर्धीच राहिली." म्हणून ते तुरटीने काढत. तुरटीचा चांगला लिंबाएवढा खडा माणसावरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवायचा, पुटपुटत निखाऱ्यांवर टाकायचा आणि वाट बघायची. तुरटी वितळते, खदखदते, फुगते आणि निवली की तिची पांढरी सच्छिद्र लाही होते. त्या लाहीत, ज्याची दृष्ट लागली त्याचा चेहरा उमटतो. मी त्यांना अनेकदा समजावलं की तुरटीच्या स्फटिकात पाणी असतं, ते वाफ होऊन बाहेर पडतं, त्याने खडा फुगतो, आणि फुगलेल्या कुठल्याही वस्तूत नाक-डोळे दिसतात. साडू लक्ष देऊन ऐकत. ऐकून झाल्यावर लाही माझ्यासमोर धरत आणि म्हणत, "वाफ निघते हे अगदी मान्य. पण ती या हनुवटीपाशीच का निघाली?" आणि दुर्दैवाने तिथे खरोखरच हनुवटी असे.

इतर घरांत असा चेहरा ओळखला गेला की भांडणं होतात, बोलणं तुटतं, जिन्यात पाण्याचे तांबे उपडे होतात. साडूंच्या घरी लाडू होत. कारण त्यांचं मत असं की दृष्ट लावणारा माणूस वाईट नसतो, त्याला काहीतरी कमी पडलेलं असतं. "पोट भरलेल्या माणसाची नजर लागत नाही हो. ज्याला कमी पडतं त्याचीच लागते. आणि त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं." मग ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, डिंकाचे लाडू वळत, आणि साडू एका उभट स्टीलच्या डब्यात ते घालून त्या घरी जात. दारात उभे राहून कसनुसं हसत आणि विचारत, "काही कमी नाही ना? असलं तर सांगा." समोरच्याला काहीच कळत नसे. पण कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, जिथे साडू राहत, एक बाई होती, नवरा तिच्याशी महिनोन्महिने बोलत नव्हता आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. साडूंनी दारात 'काही कमी नाही ना' विचारलं तशी ती उंबऱ्यातच बसून रडायला लागली. साडू इतके घाबरले की डबा तिथेच ठेवून पळत घरी आले आणि ताईंना पाठवलं. त्यानंतर त्या बाईंचा चेहरा तुरटीत पुन्हा आला नाही, हा साडूंच्या दृष्टीने शास्त्रीय पुरावा होता. डबा रिकामा परत करायचा नाही हा आपल्याकडचा रिवाज, त्यामुळे तो दरवेळी कशाने तरी भरून येई. ताई म्हणत, "तुरटी यांची, चेहरे लोकांचे, आणि मनगटं माझी."

खडकीच्या क्वार्टर्समध्ये सगळा देश राहायचा, आणि साडूंनी तिथे सगळ्या देशाचे उपाय शिकून घेतले. त्यांचा एक सिद्धांत होता, की दृष्टीला भाषा असते. तमिळ दृष्टीला मराठी मिरची कळत नाही. म्हणून तळमजल्यावरच्या तमिळ फिटरकडून त्यांनी कोहळ्यावर कापूर जाळायला शिकून घेतलं. पंजाबी हवालदाराच्या आईकडून जुन्या चपलेचा उपाय घेतला. नेपाळी पहारेकऱ्याचा एक काका गावाकडे झाक्री होता, म्हणजे ढोल वाजवून आजाऱ्याचा हरवलेला जीव परत बोलावणारा. तो एकदा पुण्याला आला तेव्हा साडूंनी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि भीत भीत विचारलं, "जीव हरवतो म्हणजे नेमका कुठे जातो?" तो म्हातारा भात कालवता कालवता म्हणाला, "जहाँ डर लगा था, वहीं बैठा रहता है." साडू त्या दिवसापासून ज्या ज्या ठिकाणी घाबरले होते तिथे पुन्हा जाऊन उभे राहू लागले, न जाणो थोडा जीव तिथे राहिला असेल. त्यांची रोजची फेरी त्यामुळे बरीच लांबली.

मग बाजार खुला झाला, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि साडूंची झोप उडाली. बाहेरचा माल आला म्हणजे बाहेरची दृष्टही आली, आणि तिच्यावर काय चालतं हे इथे कुणाला माहीत? त्याच सुमारास माझी मुलगी कॉम्प्युटर शिकून एका कंपनीत लागली. साडूंना मूलबाळ नाही. ही पोर त्यांच्याच खांद्यावर वाढली, तेव्हा तिचं सगळं भय त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. नवं शतक लागताना जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, विमानं पडणार, अशी हाकाटी झाली ना, तो काळ साडूंच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. कारण सगळं जग प्रथमच त्यांच्याइतकं घाबरलं होतं. पेपर वाचून ते समाधानाने म्हणत, "आता कळलं साहेबलोकांना." मुलगी त्याच कामावर होती. तिची दृष्ट घरी काढून झाली, पण तिच्या कॉम्प्युटरची राहिली म्हणून हे तुरटीचा खडा खिशात घालून हिंजवडीला तिच्या कंपनीच्या फाटकावर गेले, सोबतीला मला घेऊन. पहारेकऱ्याने खिसा तपासला आणि विचारलं, "ये सफेद पत्थर क्या है? पावडर-बिवडर तो नहीं?" मला दरदरून घाम फुटला. आजन्म ज्याने शिपायाकडे वर मान करून पाहिलं नाही तो मी, आता उद्याच्या पेपरात दिसणार. साडू मात्र तिथे एकदम धीट झाले, कारण ती तपासणी होती आणि तपासणी त्यांना कळत होती. त्यांनी त्याला खडा हातात दिला, वास घे म्हणाले, जिभेला लाव म्हणाले, कसं तपासायचं ते शिकवलं. पहारेकरी निवृत्त फौजी निघाला. शेवटी त्याने आपली टोपी काढली आणि म्हणाला, "साहब, मेरी भी उतार दो." साडूंनी फाटकावरच त्याची दृष्ट उतरवली, कंपनीच्या इमारतीवरून खडा लांबूनच ओवाळला, आणि आम्ही बसने परत आलो.

इथवर हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. साडू निवृत्त झाले, क्वार्टर सोडावी लागली, आणि आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, कर्वेनगरात एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला, आणि लिफ्ट अडकेल म्हणून जिन्यानेच ये-जा सुरू केली. लोखंडी शेगडी बाल्कनीत आली. पण त्या इमारतीत दारांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. मालक परदेशात, भाडेकरू कुठले कुठले. नागपूर-अमरावतीकडची पोरं, संध्याकाळी कंपनीची गाडी आली की जायची आणि पहाटे आली की दिवसभर पडदे ओढून झोपायची. लिफ्टमध्ये कुणी कुणाकडे बघत नसे, सगळे आकड्यांकडे बघत. साडूंना सुरुवातीला बरं वाटलं, की कुणी बघतच नाही म्हणजे दृष्ट लागायची नाही. पण एक दिवस ते संध्याकाळी माझ्याकडे आले ते चप्पल न काढताच दारात उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "चेहरा येत नाही हो."

मी आधी चेष्टा केली. तुरटी बदला म्हणालो, रासायनिक असेल. त्यांनी खरंच बदलली. बुधवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून निवडून खडे आणले. तुरटी फुगे, लाही होई, पण तिच्यात नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. नुसता गोळा. ताईंवरून उतरवलं तरी तेच, स्वतःवरून ताईंकडून उतरवून घेतलं तरी तेच. "तुरटीचा तरी काय दोष," साडू म्हणाले. "तिला इथे कुणाचं तोंड माहीत आहे? मलाच नाही माहीत." मग आवाज खाली करून म्हणाले, "दृष्ट तर आहे. मला रोज जाणवते. छातीवर कुणीतरी बसल्यासारखी. पण ज्याला तोंड नाही त्याला लाडू कसा द्यायचा?" मी हसलो नाही. त्या संध्याकाळी त्यांची भीती माझ्या पाठीच्या कण्यातून सरळ खाली उतरली, आणि ते गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "यांच्याकडे आता जरा लक्ष ठेवायला हवं." ती म्हणाली, "किती दिवस झाले, मी तेच म्हणतेय. जिना चढताना थांबतात ते."

साडूंनी मात्र डॉक्टर सोडून सगळ्या जगाला विचारलं. पुण्यात त्या वर्षांत उपायांना तोटा नव्हता. रेकीवाल्या बाई झाल्या, त्यांनी जपानची शक्ती तळहातातून सोडली, साडूंनी विचारलं, "कुणाची आहे ते कळेल का?" त्या म्हणाल्या, आम्ही फक्त ऊर्जा देतो. चिनी वास्तुवाला आला, त्याने तोंडात नाणं धरलेला बेडूक दारात ठेवायला सांगितला. साडू त्या बेडकालाच घाबरले आणि तो आमच्या घरी आणून ठेवला. तिबेटी स्वेटरवाल्यांकडून पितळी वाटी आणली, ती घुमवली की ताईंचं डोकं दुखे. दर्ग्यातलं पाणी झालं, कॅम्पातल्या चर्चमधली मेणबत्ती झाली. कुठेही गेले तरी हात जोडून बसत, कुणाचाही उपाय हलका मानत नसत, आणि शेवटी एकच प्रश्न विचारत.

कोरेगाव पार्कातल्या एका बंगल्यात कुणी गोरा माणूस सैबेरियातल्या म्हाताऱ्यांकडून शिकलेली ढोलाची विद्या देतो असं त्यांना कळलं. तिथे एकट्याने जायची हिंमत नव्हती म्हणून मला नेलं. चटयांवर पंधरा-वीस माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून आडवी झाली होती, त्यात माझ्या मुलीच्या कंपनीतले शोभतील असे टाय काढून ठेवलेले दोन साहेबही होते. तो उंच गोरा म्हणाला, ढोल वाजेल, जमिनीतलं एखादं ओळखीचं बीळ आठवा आणि आत उतरा, खाली तुम्हाला एक प्राणी भेटेल. साडूंनी हात वर केला. सरकारी नोकरीतल्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "सेफ्टी प्रोसीजर काय? परत कसं यायचं?" तो माणूस खूश झाला. म्हणाला, आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. ढोल जलद वाजला की सगळं सोडून वर या. मग तो वाजवू लागला. मी विज्ञानाचा माणूस, चटईवर पडून पगारवाढीचा विचार करीन असं ठरवलं होतं. पण तो ढोल छातीत वाजायला लागला. पट्टीखालच्या अंधारात मला काही बीळ-बीळ दिसलं नाही. साडूंच्या इमारतीचा जिना दिसला, आणि त्यावर मध्येच ठेवलेली त्यांची चप्पल दिसली. नुसती चप्पल. मी पट्टी काढून उठून बसलो. शेजारी साडू शांत पडले होते, इतके शांत की मी त्यांच्या नाकापाशी बोट नेलं. ढोल जलद झाला, ते उठले, म्हणाले, "म्हैस भेटली. चांगली होती." बाहेर पडताना त्यांनी त्या गोऱ्यालाही तो प्रश्न विचारलाच. तो म्हणाला, चेहऱ्याला महत्त्व नाही, भीती तुमचीच आहे. रिक्षात बसल्यावर साडू म्हणाले, "माणूस सज्जन आहे. पण जबाबदारी निश्चित करत नाही." ती चप्पल माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढत डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या, ऑपरेशन लवकर करायला हवं, आणि तोवर जिना चढायचा नाही, दगदग नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. साडूंनी सगळं नीट ऐकलं आणि नाही म्हणाले. अगदी नम्रपणे. "आधी कुणाची आहे ते कळू दे. कारण न काढता झाकण बंद केलं तर ते पुन्हा येणार. आमच्याकडे असा माल पास करत नाहीत." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी समजावलं, बायकोने समजावलं, मुलगी अमेरिकेला गेली होती, तिने फोनवरून समजावलं. साडू प्रत्येकाला "बरोबर आहे" म्हणत आणि सही करत नसत. एका दुपारी ताई आमच्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून पदर डोळ्यांना लावला. "त्यांना मरणाची भीती नाही हो," त्या मला म्हणाल्या. "कुणीतरी उपाशी आहे आणि आपल्याला माहीत नाही, याची भीती आहे. तुम्ही काहीतरी करा." माझ्या हातात करण्यासारखं काय होतं? वर्गात पोरांना स्फटिकातलं पाणी शिकवणारा माणूस मी.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या बाल्कनीतली शेगडी पेटवली. आपली आपण काढता येत नाही आणि ताईंनी खडा माझ्यापुढे केला, म्हणून मी घेतला. साडू खुर्चीत बसले, पंख्यापासून दूर. मी त्यांच्या डोक्यावरून खडा उतरवू लागलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि मला त्यांच्या पांढऱ्या झालेल्या विरळ केसांतून डोक्याची कातडी दिसली. काय पुटपुटायचं ते मला येत नव्हतं. "आल्या-गेल्याची, पै-पाहुण्याची," एवढं लहानपणचं आठवलं, तेच म्हणत राहिलो. तुरटी निखाऱ्यांवर टाकली. वितळली, खदखदली, फुगली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. माझ्या प्रयोगशाळेत हे मी शेकडो पोरांना दाखवलं असेल, पण त्या संध्याकाळी ती निवेपर्यंत मी तिच्यावरून नजर काढली नाही. साडूंनी चष्मा पुसून लाही चिमट्याने उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली, आणि खाली ठेवली. "नाही," ते म्हणाले. "तुम्ही बघा."

मी बघितलं. तो तुरटीचा फुगलेला गोळा होता, दुसरं काही नव्हतं. आता कुणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीचं घ्यावं तर हे सकाळी लाडू घेऊन सहावा मजला चढणार. लिफ्टवर यांचा विश्वास नाही, डॉक्टरांकडून परतताना मी हात धरून कसंबसं आत घातलं होतं. खडकीच्या कुणाचं घ्यावं तर उठून खडकीला जाणार. ज्याच्याकडे जायला एक पायरीही चढावी लागणार नाही असा माणूस हवा होता, आणि तो बाल्कनीत एकच होता.

"माझा आहे," मी म्हणालो.

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. साडूंनी लाही पुन्हा उचलली, माझ्या चेहऱ्याशेजारी धरली, आणि बराच वेळ तपासलं. चांगला माल पास करताना करत असतील तसंच. "नाक आहे खरं तुमचं," ते सावकाश म्हणाले. "मला कसं दिसलं नाही? रोज बघतो म्हणून." त्यांच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला दिसला. महिनोन्महिने चढलेला होता तो. मला वाटलं, चला, सुटलो. पण साडूंची पद्धत मी विसरलो होतो. चेहरा सापडला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय कमी पडलं हो तुम्हाला?"

लोकांच्या दारात हा प्रश्न विचारताना मी त्यांना शंभरदा ऐकलं होतं आणि घरी येऊन नक्कल केली होती. तो आपल्याला विचारला गेला की काय होतं हे मला माहीत नव्हतं. मी थट्टेचं काहीतरी शोधत होतो, मला थट्टा कधी कमी पडत नाही, पण त्या वेळी एकही शब्द सापडेना. "अजून काही कमी पडलेलं नाही," मी म्हणालो. "पण पडेल अशी भीती वाटतेय. फार भीती वाटतेय. तुम्ही धडधाकट घरी यायला हवे आहात, एवढंच."

साडूंनी माझ्या हातावर थोपटलं. "एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं?" आणि आत वळून म्हणाले, "अगं, ह्यांचा डबा भर. आणि ते डॉक्टरांचे कागद दे, सही करतो."

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात बाकावर तो डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. आतले लाडू खाण्याचा धीर झाला नाही. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही. लाल दिव्याकडे बघताना मला त्या नेपाळी म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं, की जिथे घाबरतो तिथेच जीव बसून राहतो. माझा थोडा अजून त्या बाकावर असेल.

साडू घरी आले. चांगली काही वर्षं राहिले, पूर्वीइतकेच भीत राहिले. मात्र त्यांनी सगळ्या नातेवाइकांत आनंदाने सांगून टाकलं की दृष्ट त्यांच्या साडूंची, म्हणजे माझीच होती. तेव्हापासून मी कुठल्या बारशाला गेलो की आत पळापळ होते आणि बाळाला दोन जादा काजळाचे ठिपके लागतात. मी तक्रार केलेली नाही. डबा दोन घरांमध्ये फिरत राहिला, लाडू येत, चिवडा जाई. एखाद्या आठवड्यात आमच्याकडून जायला उशीर झाला की मला चैन पडत नसे, काही ना काही भरून मी तो स्वतः पोचवून येई. बायको म्हणे, "तुमचा तर असल्या गोष्टींवर विश्वास नाही ना?" मी म्हणे, "नाहीच."

ते गेले तेव्हाही डबा आमच्याकडे होता. सगळे दिवस झाल्यावर मी तो घेऊन ताईंकडे गेलो. आता तो तुमच्याकडेच राहू दे, असं काहीतरी म्हणत मी डबा ओट्यावर ठेवला. बाल्कनीत शेगडी तशीच होती, राख साफ केलेली. ताईंनी डब्यातला चिवडा काढून घेतला, डबा धुतला, पुसला, फडताळातून लाडू काढून त्यात रचले आणि झाकण लावून माझ्यापुढे धरला.

"हे गेले म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कमी पडतंय ना अजून?"

मी हो म्हणालो आणि डबा घेतला.